गालावरचा हात

आमच्या घरात शुभ-अशुभ काही मानलं जात नसे. वडिलांचं त्यावर एक तयार भाषणच होतं आणि आलेल्या पाहुण्याला ते जेवणाआधी ऐकावं लागे. मांजर आडवं गेलं तर वडील मुद्दाम पुढे जात. अमावस्येला नव्या कामाला हात घालत. आजोबांनी धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी देव, नवस, अंगारे-धुपारे सगळं वाडीबाहेर गेलं, असं ते छाती काढून सांगत. एक गोष्ट मात्र गेली नव्हती, आणि ती गेली नाही हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. गालाला हात लावून बसलेलं कुणी दिसलं की वडिलांसकट सगळ्यांचा जीव खालीवर व्हायचा. ‘हात काढ आधी’ हे वाक्य मी लहानपणी बुद्धवंदनेपेक्षा जास्त ऐकलं असेन.

कारण कुणी सांगत नसे. माणूस गेल्यावर बायका तशा बसतात, तेव्हा कुणी गेलेलं नसताना तसं बसू नये, एवढाच काय तो हिशेब असावा. मी पुढे शिक्षिका झाले, कर्जत तालुक्यातल्या शाळांमधून पोरांना विज्ञान शिकवलं, तरी स्टाफरूममध्ये गाल टेकला की माझा हात आपोआप खाली येतो. चटका बसल्यासारखा.

थोरली बहीण, जिला मी ताई म्हणायचे, तशी बसायला लागली ती पावसाळा सरता सरता. भात पोटरीत आलं होतं. आमचं घर खालापूर तालुक्यात, शिळफाट्यापासून आत असलेल्या एका वाडीत. ओटीच्या खांबाला टेकून ती बसायची, डावा कोपर गुडघ्यावर आणि गाल तळहातावर. त्याआधी ती एका जागी बसणारी मुलगी नव्हती. आई शेतावरून यायची, तिला तशी बघायची आणि डोक्यावरचा भारा उतरवायच्या आधी तिच्या हातावर चापट मारायची.

“हात काढ गं बाय. कोन मेलंय का तुजं?”

ताई हात काढायची. आई आत गेली की हात पुन्हा गालाला. शेजारची काकू जाता-येता हटकायची. वडील कारखान्यातून आले की सायकल भिंतीला लावता लावता ओरडायचे. एका म्हातारीनं तर पोरीच्या मनात कुणीतरी भरलंय, लग्नाचं बघा, असंही सुचवून टाकलं. सगळी वाडी मिळून तिचा हात काढत होती.

मग एका सकाळी ती उठेना. अंग तापलं होतं आणि मान धरवत नव्हती. शिळफाट्यावर टेंपो थांबवून तिला पनवेलला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तिला विचारलं, डोकं कधीपासून दुखतंय? ती म्हणाली, लई दिस झाले. आई उशाशीच उभी होती.

“मंग सांगितलंस का नाय गं?” आईनं विचारलं.

“कुनी इचारलंच नाय,” ताई म्हणाली.

हे मला वडिलांकडून कळलं. तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं, असं वडील प्रत्येक वेळी सांगायचे, आणि त्यामुळेच ऐकवत नसे. तिचं डोकं जड झालं होतं, मान पेलत नव्हती, म्हणून ती हाताचा टेकू देत होती. घरानं त्याला अवलक्षण समजून त्या टेकूवर चापट मारली. ताप डोक्यात गेला होता. ताई पनवेलहून परत आली ती आडवी.

आईनं हे सगळं तोंडातून कधी काढलं नाही. भात कापलं, झोडलं, आम्हाला वाढवलं. फक्त गालाला हात लावून बसणाऱ्या कुणालाही ती हटकेनाशी झाली. मला सोडून. माझ्या हातावर चापट पडतच राहिली, आणि आता ती जोरात पडायची. तिला भीती वाटत असणार, हे आज कळतं. तेव्हा फक्त हात चुरचुरायचा, आणि माझा राग राग व्हायचा.

ताईचा एकच फोटो होता. स्थळांना दाखवायला लागेल म्हणून कर्जतच्या एका स्टुडिओत काढलेला. दोन वेण्या, काठाची साडी, समोर बघून हसू दाबलेलं. ती गेल्यावर पुण्यानुमोदनाला खुर्चीवर पांढरं कापड घालून तोच ठेवला आणि त्यापुढे मेणबत्ती लावली. पुढे दर वर्षी तेच. मग एका वर्षी पाताळगंगेचं पाणी वाडीत शिरलं. ओसरलं तेव्हा घरभर गाळ होता, आणि फ्रेमच्या आत फोटो काचेला चिकटून बसला होता. आईनं तो सोडवायला घेतला. नखानं, मग पाण्यात भिजवून, मग फुंकर मारून. कागद निघाला, चेहरा काचेलाच राहिला. कागदावर दोन वेण्या आणि साडीचा काठ उरला. काच उन्हात ठेवली तर दोन दिवसांत तिच्यावरचे पापुद्रे वाऱ्यानं गेले.

तोवर वडिलांचा कारखाना बंद पडला होता आणि आई डोंगराच्या पायथ्याला एका बंगल्यात साफसफाईला जात होती. मालकीण मुंबईच्या, वयस्कर, एकट्या. शनिवार-रविवार येत. त्यांच्या जेवणाच्या खोलीत एक मोठं तैलचित्र होतं. आई पहिल्या दिवशी ते पुसायला गेली आणि फडकं हातात धरून उभीच राहिली. घरी आल्यावर मला म्हणाली, “आपली बाय हाय तिकडं.”

मी तेव्हा कर्जतला संसार करत होते, सुट्टीत माहेरी आले होते. आईचं डोकं फिरलं की काय म्हणून दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर गेले. गोऱ्या मडमेचं चित्र. वय विशीच्या आसपास. तपकिरी केस कानावर सुटलेले, पांढरा सैल झगा, खांद्यावरून घसरलेली विटकरी शाल. मागे नुसता काळोख. डावा कोपर टेबलावर टेकलेला, गाल तळहातावर. नजर खाली, चौकटीच्या बाहेर कुठेतरी. चेहऱ्यावर एका बाजूनं उजेड होता आणि रंगाला बारीक बारीक तडे गेले होते. आमच्या ताईचा रंग वडिलांचा, चांगला सावळा. नाक, डोळे, केस, काही म्हणजे काही जुळत नव्हतं.

“कुठं गं दिसते ताई?” मी वैतागून विचारलं.

“बोटानं गाल दबलाय बग,” आई म्हणाली.

खरंच, करंगळीपाशी गाल थोडा आत गेला होता. डोक्याचं वजन हातावर आल्याशिवाय तसा जात नाही. रंगवणाऱ्यानं ते बघून रंगवलं होतं. पण म्हणून ती आमची ताई होते का? मी तसं बोलून दाखवलं. आईनं फडकं पिळलं.

काही वर्षांनी बाईंनी बंगला विकायला काढला. तिथं आता कपड्यांसकट पाण्यात डुंबायला येणाऱ्यांचं रिसॉर्ट आहे. बाईंनी आईला विचारलं, इतकी वर्षं केलंस, काय हवं ते घेऊन जा. फ्रिज होता, शिसवी पलंग होता. आईनं चित्र मागितलं. बाई हसल्या म्हणे. त्यांच्या आजोबांनी ते परदेशातून आणलं होतं, ती कोण हे त्यांच्या घरातही कुणाला ठाऊक नव्हतं. घेऊन जा, म्हणाल्या. मडम आमच्या वाडीत आली ती भाताच्या पेंढ्यात गुंडाळून.

आईनं ती बाहेरच्या खोलीत लावली, ताईचा फोटो असायचा त्याच खिळ्यावर. तो खिळा वजनानं निघाला, मग माझ्या भावानं, दादानं, मोठा ठोकला. पहिल्याच पावसाळ्यात तिच्या कपाळावर बुरशी आली तेव्हा आईनं कापसाच्या बोळ्यानं खोबरेल लावलं. मडम आठवडाभर तुळतुळीत चमकत होती. त्या वर्षीपासून पुण्यस्मरणाची मेणबत्ती तिच्यापुढे लागायला लागली. वडील होते तोवर नाराज होते. “आपल्यात आसं चालत नाय,” एवढं म्हणून ते ओटीवर जाऊन बसायचे. चित्राकडे पाठ करून.

आले-गेले विचारायचे, ही कोण? आई सांगायची, थोरली माझी. जुनी माणसं एकमेकांकडे बघायची आणि चहा घ्यायची. नवी माणसं हात जोडायची. बायका मात्र जाताना मला कोपऱ्यात घेऊन सांगायच्या, गं, गालाला हात लावलेली बाई घरात टांगू नये, आईला समजाव. जिवंत ताईला जे सांगायच्या तेच. फरक इतकाच की या वेळी आईनं कुणालाही हात काढू दिला नाही.

मला त्या चित्राचा मनापासून राग होता, आणि तो मी लपवला नाही. मडमेनं गालाला हात लावला तर मेणबत्ती, मी लावला तर चापट. तीन इयत्तांची पोरं सांभाळून, एसटीत उभी राहून माहेरी आलेली बाई दोन मिनिटं टेकून बसली तर काय होतं?

पण खरी गोष्ट रागाची नव्हती, भीतीची होती. तिची नजर जमिनीवर जिथं पडायची तिथं आमच्याकडे कुणी बसत नसे. ठरवून नाही. पंगत मांडली की तेवढी जागा आपोआप सुटायची, सतरंजीवर एका माणसाची. भर दुपारी घरात एकटी असले की मला वाटायचं, आत्ता तो हात सुटेल आणि डोकं टेबलावर आपटेल. मी कान देऊन बसायचे. स्वयंपाकघरात भांडं वाजलं तरी दचकायचे. एकदा माझी मुलगी, चारेक वर्षांची, त्या मोकळ्या जागी जाऊन बसली आणि वर बघून म्हणाली, मावशी किती गोरी होती ना. मी तिला उचलून बाहेर नेलं. इतकी घाईनं उचललं की ती रडली.

बाहेर आल्यावर मी तिला सांगायला लागले, नाही गं, मावशी सावळी होती, तिचं नाक... आणि पुढं मला येईना. नाक कसं होतं? डोळे मिटले तर मडम दिसली. वेण्या आठवत होत्या, कोपर आठवत होता, पायातलं चांदीचं वळं आठवत होतं. चेहऱ्याच्या जागी ती खाली नजर लावून बसली होती. त्यानंतर ताई स्वप्नात आली तीही तोच चेहरा घेऊन. आमच्या बोलीत बोलायची, ओठ मात्र हलायचे नाहीत. माझी बहीण मला दोनदा गेली, आणि दुसऱ्यांदा ती या चित्रानं नेली, असं मला वाटायचं. अजून वाटतं.

शाळेत मात्र एक सवय लागली ती लागली. वर्गात कुणी पोर गालाला हात लावून बसलं की मी खडू ठेवून आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघते. बहुतेक वेळा पोराला झोप आलेली असते. पोरं मला हसतात. हसू देत.

यंदा उन्हाळ्यात दादाच्या मुलाचं लग्न ठरलं. वहिनीनं घर रंगवायला काढलं आणि मला फोन केला. “वन्सं, शूटिंगवाला येणार. आता तरी ती बाई काढा. लग्नघर हाय.” वहिनी वाईट नाही. वीस वर्षं ती त्या नजरेखाली केर काढत आली आहे, बोलली नाही. मीच गेले. आईला रंगाच्या वासानं खोकला होईल म्हणून महिनाभर माझ्याकडे न्यायचं, असंही ठरलं होतं. आईचं आता आठवणीचं काही खरं राहिलेलं नाही. जेवली का हे विसरते, वडील कारखान्यातून कधी येतील विचारते. चित्र तिनं उतरवू दिलं. फक्त मांडववाल्याच्या टेंपोत बसल्यावर गोधडीत गुंडाळलेली चौकट दोन्ही हातांनी धरून बसली आणि कर्जत येईपर्यंत ड्रायव्हरला सांगत राहिली, “हलू हाक रं. पोर हाय संगं.”

माझ्या ब्लॉकमध्ये मी एकटीच असते. मुलगी पुण्याला. भिंतीत खिळा ठोकायला सोसायटीवाले कटकट करतात, म्हणून मडमेला मी हॉलमध्ये जमिनीवरच टेकवून ठेवली, तोंड खोलीकडे करून. आई खाटेवर झोपली होती. टेंपो, जिना, ते वजन, उन्हाचा कडाका. मी चित्रासमोर फरशीवर बसले, पाठ सोफ्याला लावून. ती खाली आल्यामुळे पहिल्यांदाच आम्ही समोरासमोर आलो. इतकी वर्षं जी जागा सगळ्यांनी टाळली, तिथं मी होते. तिची नजर माझ्या गुडघ्यावर पडत होती. मी किती वेळ बघत बसले कोण जाणे. माझा कोपर कधी गुडघ्यावर आला आणि गाल कधी हातावर टेकला, मला कळलं नाही.

मागे पावलं वाजली. आई उठली होती. ती येऊन माझ्या बाजूला उभी राहिली आणि मी, साठीला टेकलेली बाई, हात काढायचाही विसरून चापटीची वाट बघत बसले.

चापट पडली नाही. आई भिंतीला धरून धरून खाली बसली. तिला वेळ लागला. मग तिनं हात पुढे केला आणि माझ्या कपाळावर ठेवला.

“डोस्कं दुकतंय का गं बाय?”

बाय म्हणजे ताई. मला ती कधीच बाय म्हणाली नव्हती. माझं डोकं अजिबात दुखत नव्हतं. ‘आई, मी धाकटी’ असं तोंडावर आलं होतं. हल्ली तिला असंच दुरुस्त करायचं, असं मला कुणीतरी सांगितलंही होतं. पण तिचे डोळे माझ्याकडे लागले होते, आणि त्या डोळ्यांत इतकी घाई होती की मला दुरुस्ती जमली नाही.

“हो गं,” मी म्हणाले. “लई दिस झाले.”

“मंग चल. ऊठ. दवाखान्यात जाऊ.”

तिनं आपली पिशवी शोधली, पायांत उलटसुलट चपला घातल्या, माझं मनगट धरलं. मी लहान होते तेव्हाही तिनं मला असं घट्ट धरल्याचं आठवत नाही. खाली उतरलो. गल्लीतल्या दवाखान्यात नंबर लागले होते. आईनं कुणाचं ऐकलं नाही. “माज्या पोरीला ताप हाय,” म्हणत ती मला ओढत आत घेऊन गेली, आणि बाकावरच्या माणसांनी त्या पिकल्या केसांच्या पोरीकडे बघून वाट दिली. मला लाज वाटली नाही.

डॉक्टरीण तरुण आहे, मला ओळखते. मी तिला आईमागून खुणेनं समजावलं. तिनं कपाळासमोर तापाची मशीन धरली.

“आसं बंदूक दावून ताप कलतो का?” आई म्हणाली. “हात लावून बगा.”

डॉक्टरीण उठली आणि तिनं माझ्या कपाळाला, मानेला हात लावून बघितलं. मान खाली-वर करायला लावली. “काही नाही आजी. ताप नाही. पोरगी बरी आहे.”

“डोस्कं दुकतंय तिचं.”

“वेळेत आणलीत. आता बरं वाटेल.”

आईनं माझं मनगट सोडलं. तिथं बोटांचे वळ उठले होते. ती बाकावर टेकली आणि पदरानं तोंड पुसत रडली, मोठ्यानं, लोकांदेखत. ताई गेली तेव्हा ती अशी रडली होती का, मला माहीत नाही. मला घराबाहेर नेऊन बसवलं होतं.

घरी आलो तेव्हा उन्हं हॉलमध्ये आली होती आणि मडमेच्या गालावर पडली होती. आईनं पाणी प्यायलं. मग तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. ती बराच वेळ बघत राहिली. त्या चित्राकडे ती अशी कधीच बघायची नाही, ओळखीच्या माणसाकडे आपण कुठं इतकं निरखून बघतो?

“ही कुनाची गं पोर?” तिनं विचारलं.

“माहीत नाही, आई.”

“कवाची बसलीय आशी. गालाला हात लावून.” आई पुढे वाकली. “इचारलं का कुनी तिला, काय होतंय म्हून?”

मी चित्राकडे बघितलं. ताई त्यात नव्हती. कुठल्या तरी परक्या गावातली, कुणाची तरी मुलगी होती, आणि तिचं डोकं तिला पेलवत नव्हतं. तिला कुणी विचारल्यासारखं दिसत नव्हतं. आमच्या घरातही नाही.

“नाय ना?” आई म्हणाली. “मंग जा की. इचार.”

आई बघत होती. मी उठले, चित्रातल्या त्या मुलीसमोर जाऊन बसले आणि विचारलं.